पाव, पाचोळा आणि पालिका

मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी शहरातील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि खाद्यगृहांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. प्रशासन वर्षभराची मुदत द्यायच्या बेतात होते. न्यायालयाने ती निम्म्यावर आणली आणि यापुढे लाकूड-कोळशाच्या नव्या भट्टीला परवानगी नाही, असेही बजावले. लगेच दोन्ही बाजूंची ठरलेली भाषणे सुरू झाली. एकीकडे वडापाव महागणार, इराण्याच्या ब्रुन पावाची चव जाणार, गरिबाच्या पोटावर पाय येणार. दुसरीकडे, मुलांच्या फुप्फुसांपेक्षा पाव मोठा का, हा सवाल. मुदत सरत आली तसे काही बेकरीवाले वाढीव वेळ मागायला पुन्हा न्यायालयात गेले. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. शहरातल्या अशा शेकडो लहान धुरांना हात घालायचा तर सुरुवात कुठून करायची, आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा?

बेकरीवाल्यांचा पहिला युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. मुंबईच्या हवेतल्या कणांचा वजनी हिशेब मांडला की रस्त्यावरची धूळ पहिल्या क्रमांकावर येते. त्यात जागोजागची बांधकामे, डिझेलचे ट्रक, माहुल-चेंबूरकडचे तेलशुद्धीकरण कारखाने मिळवा. या सगळ्यांपुढे आमची भट्टी ती केवढीशी, असे ते विचारतात. बड्यांना हात लावायची हिंमत होत नाही म्हणून पाववाल्याच्या दारावर नोटीस डकवली जाते, हा त्यांचा संशय निराधार आहे असे म्हणायला आपल्या प्रशासनाने फारशी जागा ठेवलेली नाही.

तरीही शहराची सरासरी निराळी आणि गल्लीतला श्वास निराळा. रस्त्याची धूळ बरीचशी जाडी असते. तराजूत ती भरते, पण तिचा मोठा भाग नाकाघशातच अडकतो. जळणाचा धूर अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा. तो फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो आणि त्यातला अतिसूक्ष्म अंश रक्तातही उतरतो. या बारीक कणांसाठी भारताने ठरवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणून ठेवली. शिवाय हा धूर निघतो कुठे आणि कधी, हेही पाहायला हवे. मोठ्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी दोनशे मीटरच्या वर जाते, बेकरीचे धुराडे मात्र शेजारच्या चाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याशी संपते. पाव पहाटे लागतो म्हणून भट्टी रात्री पेटते. हिवाळ्यात नेमके त्याच वेळी खारे वारे पडलेले असतात, मतलई वाऱ्यात जोर नसतो आणि जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार थराचे झाकण बसलेले असते. ऊन चढेपर्यंत धूर गल्ली सोडत नाही. शहराच्या एकूण आकडेवारीत नगण्य दिसणारी भट्टी त्या गल्लीतल्या दमेकऱ्यासाठी नगण्य नसते.

भट्टीच्या तोंडाशी थोडे थांबून पाहिले तर दोन्ही बाजूंचे म्हणणे अधिक नीट कळते. विटांची, आतून घुमटासारखी ही जागा रात्रभर तापते. लाकूड आतच जाळतात, विटा तापल्या की निखारे एका कडेला सारतात आणि लांब दांड्याच्या फळीने लादीचे पत्रे आत सरकवतात. विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर पाव भाजतो. वरचा तपकिरी रंग आणि खरपूसपणा त्यातून येतो. गॅसच्या ओव्हनमध्ये ही गोष्ट अगदी तशीच जमते असे म्हणणारे एक तर बेकर नसतात किंवा ओव्हन विकणारे असतात. पण हेही खरे की भट्टीशेजारच्या ढिगात वाळलेले बाभळीचे ओंडके क्वचितच दिसतात. तिथे असतात पाडलेल्या इमारतींच्या चौकटी, ऑइलपेंटची पुटे चढलेली दारे, सनमायका चिकटवलेले प्लायवूड, पॅकिंगच्या फळ्या. पुनर्विकासाच्या धडाक्यात असा माल ढिगांनी निघतो आणि ओंडक्याच्या निम्म्या भावात मिळतो. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने मुंबईतल्या बेकऱ्यांची पाहणी केली तेव्हा जवळपास निम्म्या बेकऱ्या लाकडावर चालणाऱ्या निघाल्या, आणि स्वस्ताईपायी भंगार लाकडाकडे असलेला ओढाही त्यात दिसला. रंग, गोंद आणि लॅमिनेट जळाल्यावर जे हवेत जाते ते साध्या लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असते. तो धूर सर्वांत आधी घेतो भट्टीवरचा कामगार, जो काम संपल्यावर त्याच बेकरीच्या माळ्यावर झोपतो. चवीची बाजू मांडणारे आणि हवेची बाजू मांडणारे, दोघांच्याही तोंडी त्याचे नाव फारसे येत नाही.

बेकरीवाल्यांचा दुसरा मुद्दा पैशाचा आणि जागेचा, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. भट्टी मोडून ओव्हन बसवायचा म्हणजे काही लाखांची गोष्ट. धंदा दिवसाला चार-दोन हजार लाद्यांचा असो की दोनशेंचा, भांडवल एकदम ओतावे लागते. बऱ्याच बेकऱ्या पागडीच्या जुन्या गाळ्यांत आहेत. गाळ्यात मोडतोड करायची तर मालकाची संमती हवी, आणि मालकाला पुनर्विकासाची स्वप्ने पडत असतात. पाइपचा गॅस सगळ्या गल्ल्यांत पोचलेला नाही. व्यावसायिक सिलिंडर घ्यायचे तर निळ्या टाक्यांची रांग अरुंद, तापलेल्या जागेत ठेवायची कुठे, हा अग्निसुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची ३५ टक्के भांडवली अनुदानाची योजना आहे, कमाल दहा लाखांपर्यंत. पण ते अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेले आहे, आणि गाळ्याचे कागदच धड नसलेल्या माणसाला बँक दारात उभे करत नाही. म्हणजे योजना आहे, फक्त ज्याला ती हवी आहे त्याच्यासाठी नाही.

तिसरा मुद्दा बेकरीवाले मांडत नाहीत, पण मांडायला हवा. विजेचे ओव्हन घेतले तर धूर संपला, हे म्हणणे अर्धेच खरे. महाराष्ट्राची बरीच वीज कोळशावर होते. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि चंद्रपूर स्वतः प्रदूषित हवेच्या यादीतले जुने नाव आहे. उंच चिमणी आणि राख पकडणारी यंत्रणा यांमुळे युनिटमागे होणारा अपाय गल्लीतल्या भट्टीच्या मानाने कमी असतो, हे मान्य. तरी मुंबईने आपली हवा सुधारताना हिशेबाच्या वहीत चंद्रपूरचे पान कोरे ठेवू नये.

मग बंदी चूक आहे का? जगातला अनुभव पाहता बंदीशिवाय हे काम कुठे झालेले दिसत नाही. पण नुसत्या बंदीनेही झालेले नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर जीवघेणे धुरके साचले, हजारो माणसे गेली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. त्या कायद्याची आठवण लोक धूरबंदीसाठी काढतात. त्यातले एक कलम मात्र सहसा कोणी सांगत नाही: धूरमुक्त जाहीर झालेल्या भागात घरातली शेगडी बदलायला जो वाजवी खर्च येईल त्याचा सात दशांश भाग स्थानिक संस्थेने घरमालकाला परत द्यायचा, आणि त्यातला मोठा वाटा राष्ट्रीय तिजोरीने उचलायचा. पोलंडच्या क्राकूव शहराने १ सप्टेंबर २०१९ पासून कोळसा आणि लाकूड जाळणे पूर्ण बंद केले, पण त्याआधी काही वर्षे अनुदान देऊन हजारो शेगड्या बदलून घेतल्या होत्या. याच्या उलट उदाहरण चीनचे. २०१७ च्या हिवाळ्यात उत्तर चीनमध्ये कोळशाच्या शेगड्या काढून नेल्या आणि गॅस वेळेवर पोचलाच नाही. हबेई प्रांतात थंडगार वर्गांपेक्षा बाहेरचे ऊन बरे म्हणून मुले मैदानात बसून शिकली. सरकारला माघार घेत, जिथे गॅस नाही तिथे कोळसा जाळू द्यावा, असे कळवावे लागले. आपल्याकडे दिल्लीच्या बसगाड्यांना सीएनजीवर आणायचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा आदेशही मुदत उलटून, पंपांवरच्या लांबलचक रांगांमधून, २००२ च्या अखेरीस पुरा झाला. पर्याय दारात नसताना मुदत आली की लोक हाल सोसतात आणि यंत्रणा तोंड फिरवते, पण शेवटी दिल्लीच्या बस बदलल्या हेही विसरता येत नाही. न्यायालयाने रेटले नसते तर त्या बदलल्या असत्या का, याबद्दल शंकाच आहे.

पावाइतका बोलबाला न होणारा, पण जास्त घरांच्या खिडक्यांत शिरणारा दुसरा धूर पाचोळ्याचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे, कुठेही सकाळी फिरायला निघा. खराट्याने लोटून केलेले ढीग फुटपाथच्या कडेला धुमसत असतात. वरची पाने कोरडी, खालची दहिवराने ओली; त्यामुळे ढीग पेटत नाही, नुसता धुपतो. त्यात दुधाची पिशवी, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलची ताटली असतेच. प्लास्टिक अशा मंद आगीत जळणे म्हणजे डायॉक्सिनसारख्या घातक द्रव्यांना आमंत्रण. कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याचे एकोणिसावे कलम राज्य सरकारला अशा जाळण्यावर बंदी घालायचा अधिकार देते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळण्याला मनाई केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेवर उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजार रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवून दिला. एवढे सगळे असताना मुंबई महापालिकेचा दंड मात्र वर्षानुवर्षे शंभर रुपये होता. तो एक हजार व्हायला २०२५ चा एप्रिल उजाडावा लागला.

दंड किती, यापेक्षा तो कोणाला, हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. काडी ओढतो झाडूवाला किंवा सोसायटीचा माळी. त्याला विचारा, तो सरळ सांगतो: घंटागाडी पाला घेत नाही. ओला कचरा घेतात, सुका घेतात, पाल्याची पोती बघितली की गाडी पुढे जाते. ढीग तसाच ठेवला तर मुकादम ओरडतो, पेटवला तर कोणी काही बोलत नाही. अशा माणसाकडून हजार रुपये वसूल करून हवा स्वच्छ होणार नाही. तो फार तर पहाटे पाचऐवजी चारला काडी ओढेल. घनकचऱ्याच्या नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी जागेच्या मालकावर टाकली आहे, तेव्हा पावती मालकाच्या, सोसायटीच्या किंवा सफाईच्या ठेकेदाराच्या नावे फाटली पाहिजे. आणि त्याआधी पालिकेने पाल्याची वेगळी गाडी, निदान पानगळीच्या तीन महिन्यांपुरती, चालवली पाहिजे. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ या नागरिकांच्या उपक्रमाने वाळलेली पाने नकोशी झालेल्यांची गाठ ती हवी असलेल्या बागवाल्यांशी घालून दिली. पाचोळ्याला गिऱ्हाईक आहे, हे त्यातून कळले. मात्र हौशी लोकांच्या बळावर सबंध शहराचा पाला उचलला जात नाही. त्याला ट्रक, जागा आणि पगारी माणसे लागतात.

पाचोळा न जाळता फुंकून गोळा करायचा तर आयटी पार्क आणि बड्या सोसायट्या पेट्रोलचे ब्लोअर वापरू लागल्या आहेत. यातल्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि त्याचा बराच भाग अर्धवट जळून बाहेर पडतो. कॅलिफोर्नियाच्या हवा नियामकाच्या हिशेबाने असा व्यावसायिक ब्लोअर तासभर चालवणे म्हणजे धुरके बनवणाऱ्या वायूंच्या बाबतीत मोटार सुमारे सतराशे किलोमीटर पळवणे. त्या राज्याने २०२१ मध्ये कायदा करून २०२४ पासून अशा नव्या इंजिनांची विक्री बंद करायचे ठरवले. आपल्याकडे ही यंत्रे अजून थोडी आहेत, बॅटरीवरची मिळतात आणि खराटा तर कधीच संपलेला नाही. सवय जडण्याआधीच नियम करणे सोपे जाते.

जनरेटरच्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटर संचांना कडक मानके लागू झाली, ही चांगली गोष्ट. पण जुना डिझेल संच पंधरा-वीस वर्षे सहज चालतो, आणि मंगल कार्यालयामागे, बांधकामावर, शूटिंगच्या व्हॅनशेजारी धडधडत असतो तो जुनाच. रुग्णालयाचा, लिफ्टचा, पाण्याच्या पंपाचा जनरेटर समजू शकतो. वीज गेली तर माणसे अडकतात. लग्नाच्या रोषणाईसाठी तीन तास काळा धूर सोडणाऱ्या संचाची बाजू कोणी घ्यावी असे वाटत नाही. गणेशोत्सवात वीज कंपन्या मंडळांना तात्पुरती जोडणी देतात आणि दरातही सवलत मिळते. म्हणजे पर्याय आहे, स्वस्तही आहे. कार्यालयाच्या परवान्यात पुरेशा जोडभाराची अट घातली की निम्मे काम होते. इथे गरिबाच्या पोटाचा प्रश्न येत नाही, म्हणून तर हे सर्वांत आधी व्हायला हवे होते. पण नोटीस पहिल्यांदा बेकरीला गेली.

आणि पालिकेचा स्वतःचा धूर? डासांसाठी गल्लोगल्ली फिरणाऱ्या धूरफवारणीच्या यंत्रात कीटकनाशक सहसा डिझेलमध्ये कालवलेले असते. साथीच्या वेळी फवारणीचा उपयोग आहे. एरवी डास आवरायचे तर पाण्याची पिंपे, कुंड्यांच्या ताटल्या आणि गच्चीवरचे टायर रिकामे करावे लागतात, हे हिवताप विभागातले लोकही सांगतात. अडचण अशी की रिकामे केलेले पिंप फोटोत येत नाही, पांढरा लोट येतो, आणि नगरसेवकाने काम केले हे अख्ख्या आळीला दिसते. स्मशानांचा विषय नाजूक आहे, तिथे सक्ती नको. लाकडाच्या चितेवर अंत्यविधी व्हावा असे ज्या कुटुंबाला वाटते त्याला नियमावली दाखवणे अमानुष ठरेल. पण निम्म्याहून कमी लाकडात विधी पार पाडणारी बंदिस्त चिता किंवा गॅसदाहिनी चांगल्या स्थितीत, स्वच्छ आवारात आणि नातेवाइकांना विधीसाठी पुरेशी जागा देऊन ठेवली, तर बरीच कुटुंबे ती आपण होऊन निवडतील. बंद पडलेली दाहिनी आणि गळका पत्रा दाखवून लोकांना बुरसटलेले म्हणण्यात अर्थ नाही.

उरले रखवालदाराची शेकोटी, इस्त्रीवाल्याचा कोळसा आणि जुन्या वाड्यांतला पाण्याचा बंब. यांच्यामागे लागण्यात सरकारी शक्ती घालवू नये. शेकोटीला उपाय एक हीटर आणि एक स्वेटर, आणि तो सोसायटीने द्यायचा. दिल्लीत थंडीच्या दिवसांत निवासी संघटनांना तसे सांगितलेच जाते. इस्त्रीसाठी गॅसवर चालणारे यंत्र निघाले आहे, ते हप्त्याने मिळवून द्यावे. बंब तर सौर पाणीतापकापुढे आपोआपच माळ्यावर गेला.

या सगळ्याची गोळाबेरीज करताना आमचे मत असे. भंगार आणि रंगवलेले लाकूड जाळणे आजच बंद करावे, सवलत न देता. त्यासाठी बेकरीत धाड घालण्याआधी इमारत पाडणाऱ्या ठेकेदाराला लाकूड कुठे विकले याची नोंद द्यायला लावावी. जिथे पाइपचा गॅस पोचला आहे तिथल्या बेकरीला आणि कोणत्याही मोठ्या हॉटेलच्या तंदूरला आता मुदतवाढ नको. जिथे पोचलेला नाही तिथे गॅस कंपनीने आणि पालिकेने गल्लीनिहाय तारखा छापून न्यायालयापुढे ठेवाव्यात, आणि तारीख चुकली तर दंड बेकरीवाल्याला न लागता त्यांना लागावा. छोट्या बेकऱ्यांच्या बदलाचा मोठा वाटा, लंडनसारखा सात दशांश म्हणा, सार्वजनिक तिजोरीतून यावा, कारण त्या स्वच्छ हवेचा लाभ भट्टीवाल्यापेक्षा शेजाऱ्यांना अधिक होणार आहे. मोफत पैसे वाटले की लोक जुन्या भट्ट्या कागदावर उभ्या करतील, ही भीती खरी आहे. म्हणून परवाना आणि वीजबिल जुने असल्याचा पुरावा मागावा आणि भट्टी मोडल्यावरच रक्कम द्यावी.

पैसा नाही, ही सबब मुंबईला शोभत नाही. समजा एक हजार भट्ट्या बदलायच्या आहेत आणि प्रत्येकीला पाच लाख द्यायचे आहेत; एकूण खर्च होतो पन्नास कोटी. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून अधिक रकमेचा होता.